वरच्या मजल्याचा टोला

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. तांबरमच्या शाळेत मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते तिथेही सगळ्यांना कळलं. मी नागरिकशास्त्र शिकवायची. हा विषय शिकवणाऱ्या बाईला राग येत नसेल तर तिने सरळ भूमिती शिकवावी, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीने आम्हाला साताऱ्याहून चेन्नईला आणलं होतं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वेस्ट मांबलममध्ये फ्लॅट छान मिळाला, पण नळ नावालाच. पाणी यायचं ते टँकरने. तिकडे त्याला ‘तण्णी लॉरी’ म्हणतात. ती गल्लीच्या तोंडाशी दिसली की सगळ्या बिल्डिंगी रंगीबेरंगी प्लास्टिकच्या घागरी घेऊन धावत सुटायच्या. मीही पदर खोचून धावायची. माझं पहिलंवहिलं तमिळ मी त्या रांगेत शिकले, आणि ते सगळं भांडणाचं होतं. शाळेत ते वापरता येत नसे, एवढीच काय ती अडचण.

शाळा केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांची होती. हवाई दलातल्यांची, रेल्वेतल्यांची, संरक्षण कारखान्यांतल्या लोकांची मुलं. सहावी-सातवीचे वर्ग वरच्या मजल्यावर, मोठ्यांचे खाली. दर वर्षी तिथे युवा संसद भरायची. म्हणजे सभागृहात दोन्ही बाजूंना बाकं मांडायची, एका बाजूला सत्ताधारी आणि समोर विरोधक. मधोमध उंच खुर्चीवर काळा कोट घातलेला अध्यक्ष. प्रश्नोत्तरं व्हायची, ठराव व्हायचे, आणि विभागीय कार्यालयातून पाहुणे येऊन गुण देऊन जायचे. हे सगळं ज्या संहितेवरून चालायचं ती बहुधा माझ्या आधीच्या तीन बाईंच्या हातून आली होती. त्यात प्रश्नही लिहिलेले, उत्तरंही लिहिलेली, उत्तरानंतर उठणारा उपप्रश्नसुद्धा लिहिलेला. एका ठरावीक वाक्याला विरोधी पक्षाने चिडून सभात्याग करायचा, व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं, आणि खूण झाली की परत यायचं. मुलं खूण व्हायच्या आधीच हसत हसत परत यायची. मग मी त्यांच्यावर खरोखरच चिडायची.

‘पंतप्रधान कोण?’ हे शिक्षकच ठरवायचे. ज्याचं हिंदी अस्खलित, ज्याचा आवाज दणदणीत आणि ज्याचे वडील गणवेशात रुबाबदार दिसतात, तो पंतप्रधान. त्या वर्षी शिक्षकांच्या सभेत माझी सटकली. मी म्हटलं, “संसदेत गटाचा नेता गट निवडतो. हे मी फळ्यावर लिहून शिकवते आणि सभागृहात त्याच्या उलट करते. मला लाज वाटते. या वर्षी सत्ताधारी गटाला त्याचा नेता निवडू द्या.” प्राचार्य फायलीत डोकं घालून बसले होते. ते म्हणाले, “करा, करा.” एवढ्यावर मी जिंकले. फार सहज मिळालेलं काही टिकत नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

पण बाकं भरेनात. अकरावी-बारावीची निम्मी मुलं इंजिनीअरिंगच्या कोचिंग क्लासला पळालेली. नियमाप्रमाणे सदस्यांची संख्या तर भरायला हवी. प्राचार्यांनीच तोडगा काढला, “मागची बाकं भरायला छोटी मुलं घ्या.” म्हणून सहावी-सातवीची मुलं घेतली. ती सगळी सत्ताधारी बाजूला बसवली, कारण विरोधी बाजूला बोलावं लागतं आणि सत्ताधाऱ्यांच्या मागच्या बाकांना फक्त बाकं वाजवायची असतात. ते काम सहावीला जन्मजात येतं.

त्यांच्यात ती होती. सातवीतली, उंचीने पाचवीतली वाटेल अशी, दोन वेण्या, लाल रिबिनी आणि वेणीत कायम अबोलीचा गजरा. मी तिला आधीपासून ओळखत होते, कारण तीही वेस्ट मांबलमची. वडील रेल्वेत कारकून. सकाळी मांबलम स्टेशनवरून तांबरमकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही दोघी बायकांच्या डब्यात समोरासमोर बसायचो. पहिल्या दिवशी मी फोनवर नवऱ्याशी मराठीत कडाडून बोलत होते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, “मिस, तुम्ही मराठी की? अम्हीही मराठीच.”

ती तंजावरकडची. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेले. तिचं मराठी ऐकलं की एखादी जुनी बखर रिबिनी बांधून समोर बसल्यासारखं वाटायचं, आणि मध्येच तमिळ हेल यायचा. मी पहिल्यांदा हसले. ती अजिबात रागावली नाही. उलट म्हणाली, “तुमचं मराठी अम्हांस फार भरभर वाटते. रागावल्यासारखं.” 

तिच्या बोलण्यात एकच विषय पुन्हा पुन्हा यायचा, तो म्हणजे शाळेतली पाण्याची टाकी. टाकी खालच्या पटांगणात, मोठ्यांच्या वर्गांच्या अगदी दाराशी. सकाळी लॉरी येऊन ती भरून जायची. मधल्या सुट्टीची घंटा एकच. ती झाली की मोठी मुलं दोन उड्यांत नळांवर. पिणं, तोंड धुणं, एकमेकांच्या अंगावर उडवणं, बाटल्या भरून ठेवणं. वरच्या मजल्यावरची पोरं जिना उतरून येईपर्यंत नळ फुर्र फुर्र करत असायचे. घरून आणलेली बाटली पीटीच्या तासालाच संपलेली. चेन्नईच्या उन्हात दुपारपर्यंत त्यांचे चेहरे सुकून जायचे. सहावीतली एक मुलगी एकदा प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली, तेव्हा सगळ्यांनी ‘नाश्ता केला नव्हता का?’ म्हणून तिलाच रागे भरलं.

“अम्ही वर, टाकी खाली,” ती म्हणायची. “घंटा एक. मग कसं मिळणार, मिस?”

मी दोनदा मोठ्या वर्गांना दम दिला होता. दोन दिवस फरक पडला. नंतर पहिले पाढे पंचावन्न.

नेता निवडायची सभा शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात भरली. सत्ताधारी गटाच्या मोठ्या मुलांमध्ये दोन उमेदवार. एक हवाई दलातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, अकरावीतला, उंचापुरा, हिंदी असं की ऐकत राहावं. दुसरा शहरातलाच, प्रश्नमंजूषांच्या ढाली घरी रचून ठेवणारा, इंग्रजीत पटाईत. हिंदीवाल्यांची टोळी एकाच्या मागे, इंग्रजीवाल्यांची दुसऱ्याच्या. दोन्ही टोळ्यांनी आठवडाभर एकमेकांची डोकी खाल्ली होती. आणि मागच्या बाकांवर बसलेल्यांनाही हात आहेत, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी त्या बाकांकडे मतं मागायला ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मी विचारलं, “आणखी कोणी?” मागून सहावीतल्या एका मुलाने सातवीतल्या त्या मुलीचं नाव घेतलं. पुढच्या बाकांवर खसखस पिकली. मी फळ्यावर तिसरं नाव लिहिलं.

हात वर करायला सांगितले. पहिल्या नावाला पुढचे काही हात. दुसऱ्या नावाला पुढचेच उरलेले हात. तिसऱ्या नावाला मागची सगळी बाकं एकदम उठल्यासारखी झाली. सहावी नाही की सातवी नाही, हात वर करणाऱ्यांत एकही गळला नव्हता. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, ही म्हण मी कित्येकदा ऐकली होती, पण इतकी स्वच्छ कधी पाहिली नव्हती. मोठ्या मुलांनी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

“मिस, पण ती तर बाकं भरायला आलीत!” प्रश्नमंजूषावाला ओरडला.

“भरली ना बाकं?” मी म्हटलं. “आता निकाल ऐक.”

ती उभी राहिली तेव्हा तिचा चेहरा मी नीट पाहिला. गालात दाबून धरलेलं हसू डोळ्यांतून बाहेर येत होतं. दुसऱ्या दिवशी गाडीत तिने सांगितलं की आईने ट्रंकेतून मदुराईची सुती साडी काढली आहे, विटकरी रंगाची, काठाची. ती आखूड करून नेसवणार. भाषणाचे पहिले दोन परिच्छेद तिचे पाठही झाले होते. सैदापेटपासून पल्लावरमपर्यंत तिने ते मला म्हणून दाखवले. शेजारची फुलवाली बाई हातातली फुलं तशीच ठेवून तोंड उघडं टाकून ऐकत होती. त्या पोरीला ती खुर्ची हवी होती. अगदी मनापासून हवी होती. हे मी इथे स्वच्छ सांगून ठेवते.

बातमी प्राचार्यांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. त्यांनी मला बोलावलं.

“मॅडम, सातवीतली पंतप्रधान? पाहुणे म्हणतील, ही युवा संसद आहे की फॅन्सी ड्रेस?”

“सर, गटाने निवडली आहे.”

“कसला गट! ती मुलं आपण बाकं भरायला घेतली होती.”

“आपण मुलं मागवली, सर. त्यांच्याबरोबर त्यांचे हातही आले.”

ते वाईट गृहस्थ नव्हते. पाहुण्यांना घाबरणारे होते, बस्स. त्यांनी मला समजावून पाहिलं. तिला उपनेता करा म्हणाले. नववीच्या वरच्यांनीच पुन्हा मतदान करावं म्हणाले. मी खुर्चीतून उठले. म्हटलं, “तुम्हाला तिला काढायचं असेल तर आधी माझं नाव काढा, आणि पाहुण्यांना सांगा की नागरिकशास्त्राच्या बाई नागरिकशास्त्र शिकवत होत्या म्हणून काढल्या.” बाहेर शिपाई कान देऊन उभा होता. तो बाजूला व्हायच्या आत मी दार उघडलं.

पण प्राचार्यांनी हवाई दलातल्या मुलालाही बोलावून काहीतरी सांगितलं असावं. कारण गटाच्या पुढच्या बैठकीत तो उभा राहिला. मुलगा उमदा होता, त्याने गोडीनेच विचारलं, “तू नाव मागे घे. आम्ही शब्द देतो, यापुढे पाणी आधी तुम्ही प्यायचं.”

सगळी मागची बाकं तिच्याकडे वळली. मलाही वाटलं, झालं, आता ही विरघळणार.

ती म्हणाली, “अण्णा, तुम्ही पुढच्या वर्षी बारावी होऊन जाणार. मग हा शब्द कोणाकडे ठेवून जाल?”

तो खाली बसला.  मला इतका अभिमान वाटला की मी उगाच फळा पुसत राहिले.

त्या संध्याकाळी गाडीत मी तिला ठणकावून सांगितलं, “खुर्ची सोडायची नाही. कोणी काहीही म्हणो. मी आहे तुझ्या पाठीशी.” ती शेंगदाणे खात होती. पल्लावरमच्या टेकड्या मागे गेल्या. मग विचारलं, “मिस, प्रधानमंत्री किती वेळ असतो?”

“आपल्याकडे? कार्यक्रम संपेपर्यंत.”

“मग?”

“मग काय, बाकं परत वर्गांत नेऊन ठेवायची.”

“आणि टाकी?”

“टाकी कुठे जाते? ती तिथेच.”

तिने शेंगदाण्यांची पुडी चुरगळून मुठीत धरली आणि मांबलम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. मला तेव्हा काही लक्षात आलं नाही. मी आपली प्राचार्यांना उद्या काय सुनवायचं त्याची जुळवाजुळव करत होते.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी तिलाच बोलावलं. मी सोबत गेले, न बोलावता. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. खूप प्रेमाने बोलले. तू हुशार आहेस, शाळेला तुझा अभिमान आहे, पण पाहुणे मोठे आहेत, निम्मं कामकाज हिंदीत आहे, पुढे तुला खूप संधी मिळतील, वगैरे वगैरे. मी तोंड उघडणार, इतक्यात तिने बोलायला सुरुवात केली. त्यांच्याशी ती इंग्रजीत बोलायची.

“सर, मी उतरते. पण मला एक गोष्ट हवी.”

मी तिच्याकडे बघतच राहिले.

“बोल बेटा,” प्राचार्य म्हणाले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एका क्षणात गेल्या होत्या.

“वरच्या मजल्याला वेगळी घंटा हवी. मोठ्या घंटेच्या पाच मिनिटं आधी. एकच टोला. आम्ही उतरून पाणी पिऊ, मग मोठी घंटा.”

प्राचार्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. मनात काहीतरी मांडलं. पाच मिनिटं आणि एक टोला. शाळेचं काय जाणार होतं त्यात?

“एवढंच?”

“एवढंच, सर. पण उद्यापासून. कार्यक्रमानंतर नाही.” ती खुर्चीवरून खाली उतरली, दारापाशी गेली आणि वळली. “आणि प्रार्थनेच्या वेळी तुम्ही स्वतः सांगायचं, सर. आम्ही सांगितलं तर अकरावी ऐकणार नाही.”

मला विचाराल तर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी नोकरी पणाला लावायला निघाले होते आणि ही पोरगी एका टोल्यावर तह करून मोकळी! तिला वर्गाकडे पाठवून मी पुन्हा आत गेले. प्राचार्यांना बजावून आले की तिला कोणीही काढणार नाही. सोडायचं असेल तर ती गटासमोर स्वतः सोडेल, गट ते मान्य करेल, आणि मग दुसरा निवडेल. ‘करा, करा,’ ते म्हणाले. त्या दिवशी ते काहीही कबूल करायला तयार होते.

गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. गिंडी गेल्यावर तिने मला पेरूची फोड पुढे केली.

“मिस, तुम्ही कशास रागावता?”

“तुझा हक्क होता तो. मतं मिळाली होती तुला. तू विकून टाकलास.”

तिने फोड तशीच पुढे धरून ठेवली. मग म्हणाली, “लॉरी गल्लीत उभी अहे, तोवर घागर भरायची. गेली मग कोणाशी भांडता? अत्ता सरांना माझी गरज अहे. कार्यक्रम झाला, मग नाही.”

मी आयुष्यात पुष्कळ भांडणं केली आहेत, पण त्यातलं एकही इतक्या नेमक्या वेळी थांबवलेलं नाही. तरी मला पूर्ण पटलं असं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही. तिला खुर्चीही मिळायला हवी होती आणि पाणीही. पण मी पेरू घेतला. तिखटमीठ लावलेला होता, चांगला होता.

गटासमोर तिने राजीनामा दिला तेव्हा सहावीतली ती चक्कर येऊन पडलेली मुलगी रडायला लागली. मान्यतेसाठी हात वर करा म्हटलं, तर मागच्या बाकांवरचा एकही हात वर होईना. तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये असं काही खडसावलं की सगळे हात एकदम वर. रडणारीचाही. मग हवाई दलातल्या मुलाला निवडलं. निवड झाल्यावर तो उठून तिच्यापाशी गेला आणि हात पुढे केला. ती त्याच्या कमरेएवढी. दोघांनी गंभीरपणे हात मिळवले. इंग्रजीवाला अर्थमंत्री झाला.

प्रार्थनेच्या वेळी प्राचार्यांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून टोला वाजू लागला. ठण्ण. एकदाच. त्यामागोमाग जिन्यावर धबधब पायांचा आवाज. पहिल्या दिवशी मोठी मुलं खिडक्यांतून डोकावून ओरडत होती, पण शिपायाने टोला प्राचार्यांच्या हुकमाने दिला होता, त्यामुळे बाहेर पडायची कोणाची हिंमत झाली नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. पाहुणे उशिरा आले, तसे पाहुणे येतातच. सभागृह सजलेलं, पंतप्रधान बंद गळ्याच्या कोटात, अध्यक्ष काळ्या कोटात घामाघूम. ती गणवेशातच आली होती, शेवटच्या बाकावर कोपऱ्यात बसली होती. गजरा मात्र ताजा होता. विटकरी साडीचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

कामकाज संहितेप्रमाणे चाललं होतं. प्रश्न झाले, उत्तरं झाली, उपप्रश्नही झाला. विरोधकांनी सभात्याग केला आणि खूण व्हायच्या आधीच हसत परत आले. मी दात खाल्ले. मग पंतप्रधान ग्रामीण रस्त्यांवर बोलायला उभा राहिला. आवाज छान लागला होता. पाहुणे मान डोलावत होते. सगळं उशिरा सुरू झाल्यामुळे एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात राहिली नव्हती.

ठण्ण.

पंतप्रधान वाक्याच्या मध्यात थांबला. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. सहावीतला एक मुलगा अर्धा उठला आणि तसाच वाकून राहिला. सगळी छोटी मुलं कोपऱ्यातल्या तिच्याकडे बघत होती. ती उठली नाही. ती सरळ पंतप्रधानाकडे बघत होती. प्राचार्य पहिल्या रांगेतून हाताने ‘बसा, बसा’ अशा खुणा करत होते.  मी मनात म्हटलं, आता कळेल, टोला खरा की नाटकातला.

पंतप्रधानाने प्राचार्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. हातातली संहिता मिटली.

“अध्यक्ष महोदय,” तो त्याच्या त्या सुरेख हिंदीत म्हणाला, “माझ्या गटातल्या सदस्यांची पाणी पिण्याची वेळ झाली आहे. माझी विनंती आहे, त्यांना जाऊ द्यावं, आणि ते परत येईपर्यंत सभागृहाने थांबावं.”

हे संहितेत कुठेही नव्हतं. बिचाऱ्या अध्यक्षाने पानं उलटसुलट केली, मग हातोडा आपटला. “सभागृह थांबेल.”

मागची बाकं रांगेने बाहेर पडली. अजिबात गडबड नाही. ती सगळ्यांत शेवटी उठली.

पाहुणे प्राचार्यांच्या कानाशी वाकले. मी मागेच उभी होते, सगळं ऐकू आलं. “सत्ताधारी गटानेच सभात्याग केला?”

प्राचार्य एक क्षण चाचरले. मग ताठ बसले. “नाही सर, पाणी प्यायला गेले. आमच्याकडे छोटी मुलं आधी पितात. शाळेची पद्धत आहे.” असं म्हणाले, जणू शाळा बांधली तेव्हाच पायाभरणीत ती पद्धत घातली होती. पाहुण्यांनी कौतुकाने मान हलवली आणि कागदावर काहीतरी टिपलं. मी तिथे हसले असते तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं, म्हणून मी बाहेर पडले.

पटांगणात ऊन मी म्हणत होतं. टाकीपाशी छोट्यांची रांग लागली होती. ती बाजूला उभी राहून सहावीला पुढे घालत होती. शेवटचं पोर तोंड पुसत गेल्यावर ती नळाखाली वाकली, ओंजळ धरली आणि प्यायली. नळाला अजून चांगली धार होती.

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. सभागृहात ती उंच मुलं, ते पाहुणे, तो बंद गळ्याचा कोट, सगळे तिची वाट बघत खोळंबले होते. मला राहवलं नाही. विचारलं, “खुर्चीचं वाईट वाटतं का ग?”

मला वाटलं होतं, नाही म्हणेल. शहाणं उत्तर देईल.

“वाटते, मिस,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवले नाहीत. “फार वाटते.”

मग तिने पुन्हा ओंजळ धरली, पोटभर प्यायली, ओल्या हाताने डोळे आणि तोंड एकदमच पुसलं, आणि म्हणाली, “चला मिस, अवघे थांबलेत.”

आम्ही सभागृहाच्या जिन्याशी पोहोचलो तेव्हा मोठी घंटा झाली.